दोन अंकांचा फरक

बँकेत फरक दोन प्रकारचे असतात. एक लाखाचा. तो संध्याकाळपर्यंत सापडतो, कारण लाखाला लपायला जागा लागते. दुसरा दोन रुपयांचा. तो सापडत नाही आणि माणसाचं आयुष्य खातो. आमच्या घरात असाच एक दोनाचा फरक पन्नासएक वर्षं पडून होता. रुपयांचा नव्हे, वेताळाचा.

वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला. अंगाला घट्ट पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलं आणि बोटात कवटीची अंगठी. त्याचा ठोसा ज्याच्या हनुवटीवर बसला, त्याच्या हनुवटीवर कवटी उमटली ती कायमची. आमच्या बँकेत चेकवर मारायचा शिक्कासुद्धा इतका स्पष्ट उठत नाही.

याचा जनक ली फॉक नावाचा अमेरिकन. त्याने १९३४ साली जादूगार मँड्रेक काढला आणि १९३६च्या फेब्रुवारीत फँटम, म्हणजेच आपला वेताळ. सुपरमॅन आला १९३८ साली. सीनियॉरिटी लिस्ट लावली तर वेताळ दोन वर्षांनी वरचा. पण सुपरमॅनला उडता येतं, त्यामुळे नाव त्याचं झालं. हे आमच्याकडेही चालतं. कामाचा माणूस खुर्चीवर बसलेला असतो आणि बढती उडणाऱ्याला मिळते.

वेताळाला उडता येत नाही, त्याला गोळी लागते, त्याला मरणही येतं. हीच त्याची गंमत. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून एक तरुण किनाऱ्याला लागला. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने दुष्टांशी लढायची शपथ घेतली. पुढे बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवणार. लोकांना वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. प्रत्यक्षात आपण वाचतो तो एकविसावा. थोडक्यात, अनुकंपा तत्त्वावरची नोकरी! फरक एवढाच, की त्याला अर्जाच्या तीन प्रती द्याव्या लागत नाहीत. माझे बाबा बँकेत, मीही बँकेत. काउंटरपलीकडचे काही वयस्कर खातेदार मला अजून बाबांच्याच नावाने हाक मारतात. वेताळाचं गुपित मला त्यामुळे फार लवकर कळलं.

हा गृहस्थ आपल्याकडे मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघर आला. काढणारी संस्था टाइम्स ऑफ इंडियाची. पहिले बत्तीस अंक सगळे वेताळाचेच. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी मागाहून. सुरुवातीला पोशाख निळा होता, पुढे तो जांभळा झाला. सुरुवातीच्या दिवसांत तिथे अनंत पै नावाचे एक तरुण कामाला होते. परदेशी वीरांवर इतकी उडी पडते, तर आपल्या पुराणांनी काय घोडं मारलंय, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. १९६७ साली त्यांनी अमर चित्रकथा सुरू केली. १९७६मध्ये इंद्रजालनेही आबिद सुरतींचा बहादूर आणला, म्हणजे वेताळाच्या शेजारी एक देशी माणूस कामावर रुजू झाला.

संपादकही मोठे धोरणी. मूळ गोष्टीत वेताळाचा देश ‘बंगाला’ आणि चाच्यांची टोळी ‘सिंग’. आता ही नावं तशीच ठेवली असती, तर कलकत्ता आणि अमृतसर दोन्हीकडून पत्रं आली असती. म्हणून बंगालाचं ‘डेंकाली’ झालं आणि सिंगचं ‘सिंगा’. एका काना-मात्रेत केवढं राष्ट्रीय ऐक्य!

पण सगळ्यांवर कडी केली ती ‘वेताळ’ या नावाने. आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यात, आरवलीच्या जवळ. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या रक्षणासाठी फेरी घालतो अशी श्रद्धा आहे. चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून भाविक त्याला केळीचा घड आणि हातभर लांबीच्या चामडी चपला वाहतात. आता सांगा, अमेरिकेतून आलेला, रात्री-अपरात्री जंगलात फिरून दुबळ्यांना राखणारा माणूस आम्हा कोकण्यांना परका वाटणार कसा? फक्त त्याला घोडा होता. आमच्या वेतोबाला कन्व्हेयन्स अलाउन्स नाही.

तर आता फरकाकडे येतो. बाबा १९६४ साली गिरगावात चाळीत राहत होते, वय सोळा. इंद्रजालचा इंग्रजी अंक ते पहिल्यापासून घेत. ‘इंग्रजी सुधारतं’ हे घरी सांगायचं कारण. धाकटे काका तेच वेताळ मराठीत वाचनालयातून आणून वाचत. त्यांचं इंग्रजी सुधारलं नाही, पण मजा तेवढीच आली. बाबांनी अंकांसाठी एक वही घातली होती. तारीख, क्रमांक, नाव, किंमत, शेरा. बँकेत लागायच्या आधीपासून माणूस बँकेतच होता म्हणायचा!

पुढे बँकेत लागल्यावर काही महिने त्यांना बाहेरगावच्या शाखेत टाकलं. जाताना त्यांनी काकांच्या हातावर अंकांचे पैसे मोजून ठेवले. परत येऊन बघतात तो १२२ नंतर एकदम १२५.

“१२३ आणि १२४ कुठे आहेत?”

“दादा, इलेच नाय!”

“आणि त्यांचे पैसे?”

इथे काका गडबडले. पैशांचे बटाटेवडे झाले होते. बाबांच्या हिशेबात मग सगळंच बसलं. अंक विकले, नाहीतर कुणाला दिले, आणि वर पैसेही खाल्ले. त्या मे महिन्यात काकांनी आरवलीला वेतोबासमोर उभं राहून शपथ घेतली. बाबांनी घरी येऊन वहीत लाल शाईने लिहिलं, ‘अंक २ येणे.’ ऑडिटरने देवाची शपथ कधी ग्राह्य धरली आहे?

भांडण असं झालं नाही. लग्नकार्याला दोघे भेटत, एका पंगतीला बसत. पण काका गावी स्थायिक झाले आणि बाबा १९८६ साली वाशीला आले, ते दोघांच्या मधे हे दोन अंक ठेवूनच. माझं बालपण त्याच ट्रंकेतले अंक वाचण्यात गेलं. तेव्हा वाशीला रेल्वे नव्हती, ती आली १९९२ साली. खाडीकाठची खारफुटी हेच माझं डेंकाली. इंद्रजाल १९९०मध्ये बंद पडलं. मी दहा वर्षांचा होतो, आणि वेताळ मेला असं मला पहिल्यांदाच वाटलं. एकविसाव्यानंतर अनुकंपेवर कुणीच लागलं नाही.

परवा आमची इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून ट्रंक उघडली. बाबा आता सत्त्याहत्तरचे. सकाळी काय खाल्लं ते विसरतात, पण वही हातात घेताच बोट बरोबर लाल शाईवर गेलं. म्हणाले, “तो खोटं बोलला रे. दोन अंकांसाठी देवासमोर खोटं बोलला.” आवाजात राग नव्हता. राग परवडला असता.

तेव्हा मी, कॉमर्स पदवीधर, पहिल्यांदाच पदवीला जागलो. फरक सापडत नसेल तर आपली वही नाही, समोरच्याची वही तपासावी. जुन्या अंकांची मोजदाद ठेवणारे शौकीन असतात, त्यांची यादी मिळवली. इंद्रजालचे क्रमांक ८०५पर्यंत जातात. निघालेले अंक मात्र ८०३. १२३ आणि १२४ हे दोन अंक संपामुळे छापलेच गेले नव्हते. कुणाकडेच नाहीत. काकांकडे कुठून असणार?

बाबांनी यादी तीनदा वाचली. मग लाल शाईची ओळ खोडली, बाजूला सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, “फोन लाव.”

पलीकडे काका. बराच वेळ कुणीच बोलेना. शेवटी बाबा म्हणाले, “अंक निघालेच नव्हते रे.”

“ता मी तेवाच सांगलंय, दादा.”

“हो. चुकलं माझं.” बाबांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि वहीकडे पाहिलं. “पण मग दोन अंकांचे पैसे तुझ्याकडे येणे निघतात.”

पलीकडून काकांचं हसू आम्हाला इतक्या लांब ऐकू आलं. व्याजासकट वेतोबाला चपला वाहायचं ठरलंय. जत्रेला दोघे एकत्र जाणार आहेत. बटाटेवड्यांचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा, एवढंच अजून ठरायचं आहे.