बंब आणि बेटांवरील विमानतळ

पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेल्या शब्दांत पगार, चावी, बटाटा, काडतूस हे नित्य व्यवहारातले शब्द आहेत. 'बंब' हा शब्दही त्याच पंक्तीतला होय. मूळ 'बोंबा' या शब्दाचे पोर्तुगीजांत दोन अर्थ आहेत : पाणी उपसून फेकणारे यंत्र आणि स्फोटक गोळा. मराठीने पहिला अर्थ स्वीकारला. दुसऱ्या अर्थासाठी पुढे इंग्रजीतून 'बाँब' आला. पुण्याच्या न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबालाही हेच नाव मिळाले. एक बंब आग विझवितो, दुसरा पोटात विस्तव बाळगून पाणी तापवितो. वाफेच्या बंबाचे बाष्पपात्र उभ्या नळकांड्याच्या आकाराचे असे. या आकारसाम्यामुळे अर्थविस्तार झाला असावा, असा तर्क करता येतो.

शब्दाच्या मूळ अर्थातील 'फेकणे' ही क्रियाच या यंत्राचा प्राण आहे. पुण्याचा इतिहास हे चांगले दाखवितो. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणले व ते शहराच्या हौदांतून खेळविले. शनिवारवाड्यातही ते पोहोचले होते. तथापि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्यास लागलेली आग सात दिवस चालली आणि तट, दरवाजे व जोती एवढेच उरले. हौदात पाणी असणे आणि ते वरच्या मजल्यावरील जळत्या तुळईपर्यंत वेळेवर पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विसाव्या शतकात हाच प्रश्न विमानतळांवर अधिक तीव्र स्वरूपात उभा राहिला. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. इंधनाच्या ज्वाळांपुढे विमानाचे पातळ कवच फार काळ टिकत नाही. येथे दिवसांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. १९४४ च्या शिकागो करारास जोडलेले विमानतळविषयक चौदावे परिशिष्ट १९५१ साली प्रथम स्वीकारले गेले. त्याच्या आजच्या नियमानुसार पहिली गाडी धावपट्टीच्या कोणत्याही टोकापर्यंत तीन मिनिटांच्या आत पोहोचली पाहिजे. उद्दिष्ट मात्र दोन मिनिटांचे आहे. विमानाची लांबी व धडाची रुंदी यांवरून विमानतळांच्या दहा श्रेणी ठरतात. पाचव्या श्रेणीपर्यंत एक गाडी, सहाव्या व सातव्या श्रेणीस दोन आणि त्यापुढे तीन गाड्या आवश्यक मानल्या जातात.

लोहगाव विमानतळाची स्थापना १९३९ साली लष्करी तळ म्हणून झाली. तेथे उतरणारे एअरबस ए-३२० हे विमान सुमारे साडेसदतीस मीटर लांब, म्हणजे सहाव्या श्रेणीचे आहे. तेथील गाड्या अपुऱ्या पडल्या तर शहराचे अग्निशामक दल रस्त्याने येऊ शकते. बेटावर अशी दुसरी फळी नसते.

दीव येथील विमानतळ पोर्तुगीजांनी १९५४ साली बांधला. डिसेंबर १९६१ च्या मुक्तिसंग्रामात त्यावर भारतीय वायुदलाने बाँब टाकले. 'बोंबा' या एका शब्दाचे दोन्ही अर्थ अशा रीतीने एकाच धावपट्टीवर एकत्र आले. लक्षद्वीपमधील अगत्ती विमानतळ १९८८ साली सुरू झाला. सुमारे बाराशे मीटरांची ही धावपट्टी चिंचोळ्या प्रवाळबेटाच्या टोकास असून तिच्या दोन्ही बाजूंस समुद्र आहे.

येथे आकड्यांचा विचार उद्बोधक ठरतो. डॉर्निअर २२८ हे साडेसोळा मीटर लांबीचे विमान तिसऱ्या श्रेणीत येते. त्यास 'ब' प्रतीच्या फेसासाठी १,२०० लिटर पाणी पुरते. एटीआर ७२ हे सत्तावीस मीटरांहून थोडे लांब विमान पाचव्या श्रेणीत जाते आणि पाण्याची गरज ५,४०० लिटर होते. विमानांची ये-जा थोडी असल्यास एक श्रेणी खाली धरण्याची सवलत आहे. तरीही २,४०० लिटर, म्हणजे पूर्वीच्या दुप्पट पाणी लागते. दोन्ही प्रसंगी नियमानुसार गाडी मात्र एकच. ती हलकी असल्यास लवकर पोहोचते, पण पाणी थोडे नेते. जड असल्यास पाणी पुष्कळ नेते, पण धावपट्टीबाहेरील वाळूत रुतण्याचा धोका वाढतो. प्रवाळबेटावर गोडे पाणी मुळातच थोडे. खाऱ्या पाण्याने टाकी व पंप गंजतात.

म्हणून बेटावरील लहान बंब ही मोठ्या बंबाची स्वस्त प्रतिकृती समजणे चुकीचे ठरेल. वेग, पाणी आणि वजन यांच्यातील तो एक काटेकोर तडजोडीचा करार आहे, आणि विमान बदलले की तो करार नव्याने तपासावा लागतो. हौद भरलेले असूनही वाडा जळू शकतो, हे १८२८ सालचे सत्य आहे. बेटावरील वैमानिक व प्रवासी यांच्या दृष्टीने तर ते अधिकच कठोर आहे. कारण तेथे पहिला बंब हाच शेवटचा असतो.