मागची बैठक, पुढची बैठक

गाणगापुरास जाऊन आलेल्या वाचकांस भीमा-अमरजेच्या संगमापासून गावातील निर्गुण पादुकांच्या मठापर्यंतची वाट परिचयाची असेल. संगमावर स्नान करावे आणि ओल्या केसांनी मठाकडे यावे, ही तेथील जुनी रीत. अलीकडे या वाटेवर एक नवे दृश्य नजरेस पडू लागले आहे. स्कूटरच्या पुढच्या बैठकीवर सून, मागे सासूबाई आणि दोघींच्या मध्ये पूजेच्या साहित्याची पिशवी. पाहणाऱ्यांस त्यात नवल वाटत नाही. आम्हांस मात्र वाटते. कारण मागच्या बैठकीवरून पुढच्या बैठकीवर येण्यास, म्हणजे जेमतेम दोन वितींचे अंतर ओलांडण्यास, आमच्याकडील स्त्रीला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

या विलंबाचे कारण विचारले असता, बायका भित्र्या, असे उत्तर चटकन मिळते. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. बीदर आणि कलबुर्गीकडील मराठी घरांतील आज्या-पणज्या नऊवारी नेसत. कासोटा घातला की दोन्ही पाय मोकळे होतात. त्या वेषात शेतात राबता येते, विहिरीच्या पायऱ्या उतरता येतात आणि वेळ पडल्यास घोड्यावर मांडही टाकता येते. कासोटा सुटला तो शिक्षणाच्या बरोबरीने. शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी सहावारी गोल साडी नेसू लागली, सुधारलेली म्हणून वाखाणली गेली आणि वाहनावर मात्र तिला दोन्ही पाय एकाच बाजूस सोडून बसावे लागले. आजीच्या लुगड्यात जी मांड सहज बसली असती ती पदवीधर नातीस तिच्या साडीनेच नाकारली. पुढे कायद्यानेही ही एकांगी बैठक गृहीत धरली. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात गुंतू नये म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. दुकानदार त्याला साडीगार्ड म्हणतो. नियमात स्त्रीचा उल्लेख नाही, परंतु वस्त्र कोणाचे, हे सांगावयास नको.

वस्तुतः स्कूटर हे वाहन बेतलेच गेले होते मुळी वस्त्र सांभाळण्यासाठी. इटलीतील पियाजिओ कंपनीसाठी १९४६ साली कोराडिनो दास्कानिओ या विमानविद्येतील अभियंत्याने व्हेस्पा तयार केली. त्यास मोटारसायकलची आवड नव्हती. पाय उचलून ओलांडावे लागणार नाही अशी मोकळी जागा पुढे, इंजिन झाकलेले आणि चिखल अडविण्यास समोर पत्रा, अशी त्याची योजना होती. झग्यातील स्त्रीसही त्यावर बसता यावे, हा त्यातला उघड हेतू. हीच व्हेस्पा १९६० च्या सुमारास बजाज कंपनीने पुण्याजवळ बनविण्यास घेतली आणि १९७२ साली तिचे चेतक झाले. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव मिळताच स्कूटर जणू पुरुषांच्या पागेत जाऊन उभी राहिली!

चेतक वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. तिने अर्ध्या देशाचे संसार वाहिले. परंतु तिचे इंजिन उजव्या अंगास, म्हणून तोल त्या बाजूस झुकणारा. सकाळी ती रुसली की डावीकडे कलती करावी आणि मग किक मारावी, हा घरोघरीचा प्रातःकालीन विधी. गिअर डाव्या मुठीत, क्लच त्याच हातात, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. सहावारीच्या निऱ्या सांभाळून हे सारे साधणे कठीण होते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी अडचण अधिक खोल होती. त्या काळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. म्हणून ती घरात येई तेव्हा प्रतिष्ठा घेऊनच येई, आणि पुष्कळ घरांत ती येई लग्नात. १९६१ सालच्या कायद्याने हुंडा निषिद्ध ठरविला होता, तरी जावयास स्कूटर देण्याची चाल सीमेच्या दोन्ही बाजूंस चालूच राहिली. मुलीच्या बापाने कर्ज काढून गाडी घ्यावी, जावयाने ती चालवावी आणि जिच्या नावाने हा सारा व्यवहार झाला तिने मागे बसावे! या गोष्टीचा आम्हां सर्वांस विसर पडला आहे, म्हणून येथे मुद्दाम लिहितो. आमच्या देवळांच्या मांडवांतूनही अशी लग्ने लागली आहेत.

पहिली फट पाडली ती एका चिमुकल्या यंत्राने. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना बाजारात आणली. पन्नास सी.सी.चे इंजिन, आणि पायडल असल्यामुळे सायकल येणाऱ्यास परकी न वाटणारी. पुण्यातील शिक्षिका, परिचारिका, कारकून स्त्रिया लूनावर दिसू लागल्या. खरा पालट मात्र १९८४ साली कायनेटिक होंडाने केला. बटण दाबले की इंजिन सुरू, आणि वेगाप्रमाणे दोन कप्प्यांमधील पट्टा आपोआप वरखाली सरकत असल्यामुळे गिअर आणि क्लच दोन्ही गेले. १९९४ साली स्कूटी आणि २००१ साली अॅक्टिव्हा आली. तोवर सलवार-कमीज तालुक्याच्या गावांतही रूढ झाला होता. आजीच्या कासोट्याने दिलेली मोकळीक नातीस अशी पुन्हा मिळाली.

आता आमच्या सीमाभागाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. नातीगोती सीमेच्या दोन्ही अंगांस राहिली, बस मात्र ठरलेल्या वेळीच येई. माहेर उदगीरला आणि सासर भालकीला असलेल्या स्त्रीस दुसऱ्या कोणाला सवड होईपर्यंत थांबावे लागे. मुलींच्या शिक्षणाकडे येथे लक्ष नव्हते असे नाही. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर संस्थानाने १९३४ सालीच मुलींची शाळा काढली, हे देवस्थानांच्या चालकांनी अभिमानाने स्मरावे असे आहे. पण शिकलेल्या मुलीची नेमणूक जेव्हा आडगावच्या शाळेवर होई तेव्हा प्रश्न उभा राही, की हिला रोज पोचवणार कोण? या एका प्रश्नापायी किती नोकऱ्या सुटल्या असतील! २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलींस सायकली देण्यास आरंभ केला. ज्या मुलीने तेराव्या वर्षी तोल साधला तिला विसाव्या वर्षी स्कूटर शिकविणे म्हणजे निम्मे काम आधीच झालेले असते.

उरलेले निम्मे सोपे नाही, आणि त्याविषयी घरच्या मंडळींस दोन शब्द सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. नवशिक्या स्त्रीची पहिली चूक धैर्याची नसून मनगटाची असते. गाडी पुढे झेपावली की अंग मागे जाते, मूठ आवळली जाते, आवळताना ती पिळली जाते आणि वेग अधिकच वाढतो. क्लच नसल्यामुळे ही ओढ तोडता येत नाही. म्हणून प्रथम इंजिन बंद ठेवून हलक्या उतारावर गाडी घरंगळू द्यावी आणि केवळ ब्रेक शिकवावेत. पाय लोंबते न ठेवता पट्टीवर ठेवावेत. नजर पुढच्या चाकावर नको, जिकडे जावयाचे तिकडे हवी. ओढणी दोन्ही टोके खोचून बांधावी. आणि भूमी ओळखावी! बीदरच्या तांबड्या मुरुमावर सुटे खडे असतात. तेथे पुढचा ब्रेक एकटा दाबला की चाक सरकते. कलबुर्गीची काळी माती पावसात चाक आणि पंखा यांच्यामध्ये अशी बसते की गाडी जागची हलत नाही. शहाबादी फरशीचे अंगण उन्हाळ्यात सरावास उत्तम, पण पहिल्या सरीनंतर तेथे फिरकू नये. मागे धावणाऱ्या पतिराजांनी वा बंधूंनी ओरडू नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो. ओरडण्याने मूठ सैल झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी परीक्षा देता येते. भालकी आणि बसवकल्याण येथे आता परवान्याची स्वतंत्र कार्यालये आहेत. त्यासाठी बीदरपर्यंतची खेप पडत नाही.

इकडे पुण्यात २०११ साली बाइकर्नी नावाची स्त्रियांची मोटारसायकल-संघटना निघाली. तिच्या सभासदांनी क्लच, गिअर आणि जड बुलेटही आपलीशी केली. मुंबईस गिरगावात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा अशा थाटात स्त्रिया मोटारसायकलींवर निघतात. काही वृद्ध मंडळी त्यास थिल्लरपणा म्हणतात. आम्ही तो मिरवणुकीचा थाट क्षणभर बाजूस ठेवतो आणि त्यांच्या बसण्याकडे पाहतो. कासोटा घातलेला आहे, मांड पक्की आहे आणि साडीगार्ड कामावाचून मागच्या चाकाशी तसाच लटकतो आहे.