शेतकऱ्याच्या पुढारीपणाची पारख

पुढाऱ्याचा गौरव करावयाचा म्हणजे शाल, श्रीफळ आणि मानपत्र, ही आपणा शहरवासीयांची ठरलेली रीत आहे. मानपत्रातील विशेषणेही ठरलेलीच असतात. शेतकऱ्यांच्या जगात मात्र माणसाची पारख निराळ्या मापाने होते. ते माप कोणते, हे पाहावयाचे तर आपणांस प्रवरेकाठच्या लोणी गावाकडे वळावे लागेल.

१९६१ साली भारत सरकारने लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांना पद्मश्री दिली. त्याच वर्षी पंडित नेहरू लोणीस येऊन तेथील सहकारी साखर कारखाना पाहून गेले. प्राथमिक शाळेच्या पलीकडे न शिकलेल्या शेतकऱ्याचा असा सन्मान व्हावा, ही गोष्ट त्या काळी थोडीथोडकी नव्हती. परंतु आमच्या मते विठ्ठलरावांची खरी पारख त्यापूर्वी बारा-पंधरा वर्षे होऊन गेली होती, आणि ती करणारे लोक बहुतेक कर्जात बुडालेले होते.

ती हकीकत अशी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्यांना पाणी आले आणि पाण्यामागून ऊस आला. ऊस हे पैशाचे पीक खरे, पण आधी पैसा गिळणारे. पाणीपट्टी, बेणे, खत, मजुरी, सारे अगोदर मोजावयाचे, आणि पीक शेतात वर्ष-दीड वर्ष उभे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले, तेव्हा बागाइतदार सावकाराच्या वहीत पुरता अडकला. कित्येकांनी आपल्या जमिनी साखर कंपन्यांना खंडाने देऊन टाकल्या. ज्या रानाचे आपण धनी, त्याच रानात दुसऱ्याचा ऊस डोलताना पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली!

येथे एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्वारी पेवात ठेवता येते, कापूस काही काळ घरात राहू शकतो. तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसागणिक त्याचे वजन घटते, साखर उतरते. भावाची घासाघीस करण्यास शेतकऱ्यापाशी वेळच नसतो. गाळपाचे यंत्र ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. तेव्हा यंत्रच शेतकऱ्यांच्या मालकीचे हवे, हा विचार पुस्तकातून येण्याची वाट विठ्ठलरावांना पाहावी लागली नाही. १९२३ पासून गावात सहकारी पतपेढी चालवून त्यांनी सहकाराचा धडा गिरविलेलाच होता.

१९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोड येथे, म्हणजे श्रीरामपुरास, बागाइतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. त्यातून सहकारी कारखान्याची कल्पना आकारास आली. विठ्ठलराव गावोगाव हिंडून भाग गोळा करू लागले. आपण क्षणभर त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पाहावे. घरात रोकड नाही, डोक्यावर देणे आहे, आणि समोरचा माणूस सांगतो आहे की, अद्याप कोठेही नसलेल्या कारखान्यासाठी पैसे द्या. अशा वेळी शेतकरी योजना वाचत नाही, माणूस वाचतो. भागाची रक्कम त्याने काढून दिली, हेच त्याचे मानपत्र.

१९४८ च्या अखेरीस संस्थेची नोंदणी झाली. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता हे स्वत: सहकारी चळवळीतले, त्यांचे साहाय्य मोलाचे ठरले. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. याला आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुत: आंध्रात एटिकोप्पाक येथे त्यापूर्वीच असा प्रयत्न झालेला होता. लोणीचे मोल पहिलेपणात नाही. तिचे पाहून महाराष्ट्रात पुढे कारखान्यांची रांग लागली, त्यात आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस या इतिहासात सर्वांत मोठी वाटते. एवढी पायपीट करून उभारलेल्या संस्थेचे अध्यक्षपद विठ्ठलरावांनी स्वत:कडे घेतले नाही. पहिली सुमारे दहा वर्षे ते गाडगिळांनी सांभाळले. शेतकऱ्यांनी आपल्या घरची खुर्ची पुण्याच्या पंडिताला दिली, कारण हिशेब, कायदा आणि सरकारदरबार यांची जाण तेथे हवी होती. पंडितानेही ती शोभेची मानली नाही. पुढे सहकारात खुर्च्यांसाठी जी झोंबाझोंबी झाली, ती पाहिलेल्यांना हे कदाचित कल्पित वाटेल.

तथापि या गौरवाच्या हिशेबात एक खाते रिकामेच राहिले. कारखान्याचा सभासद तो ऊस पिकविणारा. भाग कितीही असोत, मत एकच, ही सहकाराची थोरवी त्याच्यापुरती. ऊस तोडणारा सभासद नव्हे. विठ्ठलराव १९८० साली वारले. त्यांची जयंती नारळी पौर्णिमेस असते, आणि ती महाराष्ट्रात शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, बीडकडची कुटुंबे उचल घेऊन, चूल आणि पोरे गाडीत घालून उसाच्या मुलखाकडे निघतात. मुकादमाच्या वहीत त्यांचा हिशेब माणशी नसतो. नवरा-बायको मिळून तेथे एक ‘कोयता’ धरला जातो.