प्रसूतिवेदनाशमन आणि परिचारिकांचे ज्ञान : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

प्रसूतिवेदना कमी करण्याच्या उपायांविषयी परिचारिकांना कितपत माहिती असते, हा प्रश्न परिचर्या महाविद्यालयांतील प्रबंधिकांत प्रश्नावलीद्वारे वारंवार तपासला जातो. ते ज्ञान वापरण्याचा अधिकार त्यांना केव्हा व किती मिळाला, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरला, तो डॉक्टरांच्याच हाती राहिला. ब्रिटनमध्ये १९३६ साली प्रसविकांना नायट्रस ऑक्साइड व हवेचे मिनिट यंत्र डॉक्टरांच्या अनुपस्थितीत वापरण्याची मान्यता मिळाली. १९५० मध्ये पेथिडीनचीही मुभा मिळाली. ज्ञान रुजले ते या अधिकारामुळे.

महाराष्ट्रातील क्रम वेगळा होता. मुंबईचे कामा रुग्णालय (१८८६) आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याचे सेवासदन (१९०९) यांनी स्त्रियांना या व्यवसायाकडे आणले. शिक्षणाचा भर स्वच्छता आणि सूतिकाज्वराचा प्रतिबंध यांवर होता. माता जगणेच जेथे अनिश्चित, तेथे हा अग्रक्रम योग्यच म्हणावा लागेल. पण वेदना त्यात मागे पडली.

मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा हा खाड्यांनी तुटलेला प्रदेश १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. अशा गावांत बाळंतपण सुईणीच्या हाती असे. कंबर चोळणे, गरम पाण्याचा शेक, बाईला आधार देऊन फिरविणे ही तिची साधने. प्रशिक्षणाच्या भाषेत सुईण ही अस्वच्छतेची खूण ठरली आणि तिच्या दोषांबरोबर ही साधनेही बाजूला पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत मालिश व उबदार शेक पुन्हा दिसतात, तेव्हा हा तोटा ध्यानात येतो.

पेथिडीनसारख्या औषधांवर अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमाचे नियंत्रण आहे. एपिड्युरलसाठी भूलतज्ज्ञ हवा. उपकेंद्रात रात्री एकट्याने प्रसूती करणाऱ्या आरोग्यसेविकेच्या हाती यांपैकी काहीच नसते. तिला एपिड्युरलविषयी विचारून कमी गुण देणाऱ्या प्रश्नावलीतून तिच्या ज्ञानापेक्षा व्यवस्थेचीच उणीव मोजली जाते. कंबर कशी दाबावी, शेक कोठे द्यावा, हे प्रश्न तिला क्वचितच विचारले जातात. केंद्र शासनाने २०१६ मध्ये शासकीय रुग्णालयांतील प्रसूतिकक्षात सोबतीणीला परवानगी दिली. त्या सोबतिणीला हे शिकविणेही आरोग्यसेविकेकडेच येते.