‘इयत्ता’ या शब्दाचे माप

संस्कृतात ‘इयत्ता’ म्हणजे इतकेपणा, मर्यादा, माप. शाळेतल्या ‘स्टँडर्ड’साठी मराठीत हाच शब्द रूढ झाला, तो नेमका आहे. इंग्लंडमधील १८६२ च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन व गणिताच्या सहा पायऱ्या ठरविल्या. पहिलीत एकावयवी शब्दांतील गोष्ट आणि २० पर्यंतचे आकडे. सहावीत वर्तमानपत्रातील परिच्छेद. मूल एका विषयात नापास झाले, की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स अनुदान बुडे.

शाळातपासनीस मॅथ्यू अर्नल्डने त्याच वर्षी या पद्धतीवर लेख लिहून टीका केली. (हा अर्नल्ड आमच्या वर्गांत क्वचितच येतो, तेथे कवी-समीक्षकच भेटतो.) अध्यापन यांत्रिक होईल, ही त्याची भीती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनीही निकालावर अनुदान देण्यास विरोध केला, पण वेगळ्या कारणाने : ज्या गरीब समाजाला शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तेथे स्वतः शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही; तेथे सरकारी शाळाच हव्यात. आम्हांस फुल्यांचा आक्षेप अधिक मूलगामी वाटतो. माप लावण्यापूर्वी मूल शाळेत आले आहे काय, हे ते पाहतात. आयोगाने मात्र प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी सर्वसाधारणपणे परीक्षेच्या निकालावरच भिस्त ठेवली. मागास भागांपुरता अपवाद केला.