गरम पाण्याचा जमाखर्च

वसईचा इतिहास म्हटला की लोक थेट १७३९ साली जाऊन उभे राहतात. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, वज्रेश्वरीचा नवस फेडला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण एवढ्या मोठ्या फौजेनं आंघोळीचं पाणी कशावर तापवलं, हे निदान आम्ही तरी कुठे वाचलेलं नाही. (वेढा ऐन मे महिन्यात संपला, हे खरं. पण कढत पाण्याशिवाय ज्यांचं अंग निघत नाही, असे आजोबा प्रत्येक फौजेत असणारच.)

निसर्गानं आमच्या भागात सोय केली होती, नाही असं नाही. वज्रेश्वरीजवळ अकलोली-गणेशपुरीला तानसा नदीच्या काठी जमिनीतूनच कढत पाणी येतं. मीटर नाही, बिल नाही. फक्त घर तिथं हवं! ज्याचं घर वसईत, त्याला विस्तव पेटवणं आलं. आता ‘पेटवणं आलं’ म्हणजे नक्की कुणाला आलं? व्याकरणात हा कर्ता गुप्त राहू शकतो. आमच्या घरात ती आजी होती.

नळानं येणारा गॅस ही काही आजची चैन नव्हे. मुंबईच्या रस्त्यांवर कोळशापासून केलेल्या गॅसचे दिवे १८६५ सालीच लागले. पुढे दोनच वर्षांनी, १८६७च्या एप्रिलात, विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. पण तो गॅस काही त्या गाडीनं इकडे आला नाही. बहुधा चढायलाच मिळालं नसेल.

म्हणून आमच्याकडे बंब. तांब्याचं पोट, पोटात उभी नळी. नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख, बाजूला तोटी. आग चहूकडून पाण्यानं वेढलेली, त्यामुळे उष्णता फुकट जात नाही. जेवढं पाणी काढाल तेवढं गार पाणी वरून ओतायचं. काढण्याआधी भरणा हवा, हे बँकिंगचं पहिलं तत्त्व मी कॉमर्स कॉलेजात नव्हे, बंबापाशी शिकलो. जळण वाडीतलंच: करवंट्या, सोडणं, झावळ्यांचे तुकडे. ‘आपल्याला काय, पाणी फुकट तापतं,’ असं आजोबा अभिमानानं सांगत. वहीत जमेच्या बाजूला सगळ्यांच्या आंघोळी होत्या. नावे बाजूला आजीची पहाटेची झोप आणि धुरानं लाल झालेले डोळे. पण ते कुणी लिहीत नसे. आधी आजोबा, मग गाडी गाठणारे बाबा, मग शाळेतली आम्ही पोरं, मग आई आणि शेवटी आजी. तिच्या वाट्याला येणाऱ्या पाण्याला गरम म्हणणं हा निव्वळ सौजन्याचा भाग होता.

बंबाला जोड म्हणून आला स्टोव्ह. लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश गृहस्थानं १८९२ साली वातीविना, दाबाखालच्या रॉकेलवर चालणारा प्रायमस काढला. त्याला पिन आणि पंप या दोन गोष्टी लागत. रेशनच्या रांगेत उभं राहणारं तिसरं माणूस लागे, हे त्यात धरलेलं नव्हतं. आणि इथं थोडं गंभीर व्हावंच लागतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘स्टोव्हच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू’ अशा चार ओळींच्या बातम्या वरचेवर येत. १९८३ साली ४९८-अ हे कलम आलं, तेव्हापासून कायदा स्टोव्हकडे कमी आणि घरच्यांकडे जास्त पाहू लागला.

सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५०च्या दशकात बर्मा शेलनं आणला, पण ‘नंबर लागणं’ ही पुढची कित्येक वर्षं घरातली शुभवार्ता होती. आमचा नंबर लागला तेव्हा सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं आणि घरात फतवा निघाला: हा स्वयंपाकापुरता! पाणी स्टोव्हवरच. फतवा बाबांचा, पिन आईच्या हातात.

आता फ्लॅट. वसई-विरारमध्ये काही ठिकाणी पाइपचा गॅस आला आहे. आमच्या गल्लीत अजून त्याच्यासाठी खड्डासुद्धा नाही, आणि आमच्या गल्लीत खड्डा नसणं ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हा जुना हीटर जळाल्यावर मी कागद घेऊन बसलो. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला ४०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६०. म्हणजे बादलीला अर्धा युनिट, चार माणसांचे महिन्याला साठ. गॅस गीझर लावला, तर १४.२ किलोचा जवळजवळ अर्धा सिलिंडर. सोलरला ऊन फुकट, पण गच्ची सोसायटीची आणि पावसाळा चार महिन्यांचा.

गॅस गीझरकडे माझा कल होता. सौ.नं विचारलं, “धूर कुठं जाणार?” आमच्या न्हाणीघराला खिडकी म्हणून जी आहे, तिच्यातून साबणाचा वाससुद्धा बाहेर जात नाही. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. आजीच्या धुरानं निदान डोळ्यांत पाणी तरी यायचं. याला रंग नाही, वास नाही, माणूस आंघोळ करता करता शुद्ध हरपतो. दार बंद करून गॅस गीझर लावलेल्यांचे असे जीव गेलेले आहेत. साठ युनिटांचा हिशेब तिथंच मिटला आणि विजेचा गीझर आला.

“आणि हो,” सौ. म्हणाली, “निवडायला चौघं बसलात, तर पहाटे बटण दाबायलाही माणसं लागतील.”

तेव्हापासून पाळ्या आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, तीन नावं लिहिलेली आहेत. चिरंजीवांचे या महिन्यात चार खाडे, कन्येचे दोन, माझा एक. सौ.चा एकही नाही, कारण तिचं नाव यादीत नाही.