दगडावर कोरलेलं बाईचं नाव

सुगी आटोपली, की आपल्या गटांमध्ये सहलीचा विषय निघतोच. जिल्हा कोणता दाखवायचा म्हटलं, की महाबळेश्वर, प्रतापगड, कासचं पठार ही नावं पटापट येतात. ती ठिकाणं पाहावीतच. पण आपल्या सातारा जिल्ह्यात अशाही जागा आहेत, जिथे बाईनं काय केलं ते दगडामातीत शिल्लक आहे. आजच्या भागात आम्ही त्यांच्याबद्दल सांगणार आहोत.

सुरुवात लिंब गावापासून करू. पुणे-बंगळुरू महामार्गावरून साताऱ्याच्या अलीकडे आत वळलं, की हे गाव लागतं. इथे बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. छत्रपती शाहू महाराजांच्या राजवाड्यात त्यांना मोठा मान होता. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, अशी पाच वर्षं हे काम चाललं. विहिरीतल्या शिलालेखात त्यांचं नाव आजही आहे.

विहीर अष्टकोनी आहे. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास ५० फूट. रुंद पायऱ्यांनी खाली उतरलं, की विहिरीच्या पोटातच छोटा महाल लागतो. खांबांवर कोरीव काम आहे आणि भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो. वर मोटा बसवायच्या जागा दिसतात. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव पडलं. हे पाणी आमराईला जायचं. आपल्यातल्या कितीतरी जणींनी डोक्यावर हंडे वाहिले आहेत. विहीर बांधायला काय लागतं आणि पाण्याची सोय झाली की घरचं काय बदलतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

लिंबहून साताऱ्याकडे यायचं आणि माहुलीला जायचं. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा इथे संगम होतो. संगम माहुलीला महाराणी येसूबाईंची समाधी आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगडाला वेढा पडला. त्या वेळी येसूबाईंनी दीर राजाराम महाराजांना गडाबाहेर पाठवलं. राज्य टिकावं म्हणून स्वतः लहानग्या शाहूला घेऊन मागे थांबल्या. गड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. शाहू १७०७ मध्ये सुटले. आईला मात्र परत यायला १७१९ साल उजाडलं. कैदेत जवळजवळ तीस वर्षं गेली. त्या साताऱ्याला आल्या त्याच वर्षी लिंबच्या विहिरीचं काम सुरू झालं होतं.

माहुलीलाच महाराणी ताराबाईंचीही समाधी आहे. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. त्याच वर्षी साताऱ्याचा किल्ला औरंगजेबानं घेतला. ताराबाई खचल्या नाहीत. पुढची सात वर्षं त्यांनी लढाई चालवली. औरंगजेब १७०७ मध्ये दख्खनमध्येच मेला. साताऱ्याच्या किल्ल्याला अजिंक्यतारा हे नाव ताराबाईंच्याच काळातलं म्हणून सांगतात. पुढे शाहू महाराजांशी त्यांचा गादीवरून तंटा झाला आणि त्याच साताऱ्यात त्यांना कित्येक वर्षं नजरकैदेत राहावं लागलं. १७६१ मध्ये त्या वारल्या. जिंकलेली आणि हरलेली, दोन्ही वर्षं त्यांच्या वाट्याला आली. दोन्ही सांगितली तरच त्यांची खरी ओळख होते.

शेवटचं ठिकाण खंडाळा तालुक्यातलं नायगाव. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई फुले इथे जन्मल्या. त्यांचं घर जपलेलं आहे. तिथली चूल, जातं, माजघर पाहताना लेकीबाळींना जरूर सोबत न्या. याच घरातली मुलगी लग्नानंतर शिकली, १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागली आणि १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेली. आज आपण गटाच्या वहीवर सही करतो, त्यामागे या घराचा वाटा आहे.

आता आपल्याकडे वळू. वीरूबाईंचं नाव तीनशे वर्षं दगडावर टिकलं. आपलं नाव कुठे आहे? आमच्या बैठकांत आम्ही हा प्रश्न विचारतो. बचतीच्या पासबुकावर सगळ्यांचं असतं. घराच्या उताऱ्यावर किंवा सातबाऱ्यावर कुणाचं आहे म्हटलं, की मोजकेच हात वर येतात. भांगलण, कापणी, दूधदुभतं, घराला हातभार, यात बाई सगळीकडे असते आणि कागदावर सापडत नाही. नवरा गेला किंवा घरात वाद झाला, की तो कागदच विचारला जातो.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लागू शकतं. शेतजमिनीवर पत्नीचं नाव लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजनेत पतीच्या संमतीनं तलाठ्याकडे अर्ज करता येतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं. म्हणजे वाट उघडली आहे, चालायचं आपल्याला आहे.

तेव्हा यंदाच्या सहलीला निघाल तेव्हा भाकरीचे डबे घ्या, पाण्याच्या बाटल्या घ्या. विहिरीत उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असेल तर सांभाळून पाय टाका. भिंतीवर नावं लिहू नका आणि कुणाला लिहू देऊ नका. घरी आलात की पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा उतारा घेऊन या. तो आपण सगळ्या मिळून वाचू.